अकरा पायऱ्या

१

लाम्ब्रोसने ऑगस्टात पाच दिवसांची सुट्टी मागितली, तेव्हा त्याचा मालक आधी हसला आणि मग दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. लाम्ब्रोस पिरेयसमध्ये नळाची कामं करायचा. ऑगस्टात सगळं शहर बेटांवर जातं आणि जाताना नळ उघडे टाकून जातं, असं मालकाचं म्हणणं होतं. अशा वेळी प्लंबरनेही बेटावर जायचं म्हणजे अतीच झालं.

पण लाम्ब्रोसच्या आईने जेवताना त्याचा हात धरून सांगितलं होतं, "पाच दिवस तिला समुद्रावर घेऊन जा आणि परत घेऊन ये. मला दुसरं काही नको."

ती म्हणजे एवान्थिया, त्याची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी नवरा तिला सोडून गेला. एक पिशवी घेऊन ती आईकडे आली आणि मागच्या खोलीत जी बसली ती बसलीच. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की आडवी व्हायची. गेल्या हिवाळ्यात एकदा पाव आणायला म्हणून गेली, ती संध्याकाळी बंदरातल्या पहारेकऱ्याला धक्क्याच्या अगदी टोकाशी सापडली. बूट ओले होते. कुणी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून आई घराची किल्ली ॲप्रनच्या खिशात ठेवायला लागली.

बेट लहान होतं. आठवड्यातून तीन वेळा बोट. बुधवारी दुपारी दोघं उतरली, रविवारी साडेअकराला परत निघायचं होतं. फोनवर ठरवलेली खोली वरच्या गावात होती आणि घरमालकीण झाम्बेता दारातच खुर्ची टाकून बसली होती. ऐंशीच्या पुढची, काळ्या कपड्यातली, आवाज मात्र खणखणीत.

"नवरा-बायको?" तिने विचारलं.

"बहीण-भाऊ, मावशी."

"बरं झालं. नवरा-बायको सुट्टीवर येऊन भांडतात आणि बश्या माझ्या फुटतात."

खोलीत दोन खाटा, एक टेबल, समुद्राकडची खिडकी. दारापासून वाळूपर्यंत दोनशे चौदा पायऱ्या होत्या. लाम्ब्रोसने मोजल्या, कारण काहीही मोजायची त्याला सवय होती. पंधरा तारखेच्या मरियामातेच्या सणाआधी सगळं गाव चुना लावत होतं. पायऱ्यांच्या कडा, फरशांचे सांधे, झाडांचे बुंधे, सगळं पांढरंफेक. उन्हात डोळे मिटून घ्यावेसे वाटत.

झाम्बेताच्या दाराखालच्या वळणावर मात्र एक तुकडा तसाच होता. अकरा पायऱ्या, करड्या, कोरड्या, कडेला गवत आलेलं. बाजूला एक बंद घर. दाराचा निळा रंग सोलून निघालेला, कडीला गंजकी तार गुंडाळलेली.

एवान्थिया तिथे थांबली. "इथेच का नाही लावला?" तिने विचारलं.

कित्येक महिन्यांत तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. लाम्ब्रोसला इतका आनंद झाला की उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

२

गुरुवारी लाम्ब्रोस पोहत लांब गेला. परत आला तेव्हा झाऊच्या झाडाखाली एवान्थियाचा टॉवेल होता, ती नव्हती. त्याने आधी पाण्याकडे पाहिलं. मग इतक्या घाईने निघाला की चपला हातातच राहिल्या.

ती त्या वळणावर सापडली. गुडघे टेकून, झाम्बेताची बादली शेजारी ठेवून, कुंच्याने अकराव्या पायरीची कडा रंगवत होती. वरच्या दहा झाल्या होत्या. गालावर चुना, कोपरापर्यंत चुना. गवतही उपटून एका बाजूला नीट रचलं होतं.

"आठवतं, आजीच्या गावी आपण म्हाताऱ्या शेजाऱ्यांच्या पायऱ्या करायचो?" ती म्हणाली. "स्वतःचं झालं की उरलेला चुना त्यांचा. आजी म्हणायची, मध्ये तुकडा सोडला तर सगळ्या गल्लीची लाज जाते."

"आठवतं," लाम्ब्रोस म्हणाला. आजीचं गाव दुसऱ्या बेटावर होतं, इथून बोटीने सहा तास लांब. पण चुना तो चुनाच. तो पायरीवर बसून तिच्याकडे बघत राहिला. ती जीभ दातांत धरून काम करत होती, लहानपणी चित्रं काढताना धरायची तशी.

तेवढ्यात झाम्बेता वरून काठी टेकत आली. अर्ध्यात थांबली. खालपर्यंत एकदा बघून घेतलं.

"हे कुणी केलं?"

"मी," एवान्थिया म्हणाली. "तुमच्या बादलीतलं उरलं होतं."

"इथे ज्याच्या त्याच्या पायऱ्या ज्याने त्याने करायच्या असतात, पोरी. ज्या घराच्या पायऱ्या करशील, त्या घरची होशील."

"घर तर बंद आहे ना?"

"बंद आहे म्हणून काय झालं?"

म्हातारी रागावलेली नव्हती. रागावली असती तर लाम्ब्रोसला बरं वाटलं असतं. त्याने बादली उचलून तिला द्यायला हात पुढे केला, तर तिने आपले हात पाठीमागे घेतले.

"राहू दे तिथेच. मी दुसरी आणते."

त्या दुपारी एवान्थियाने दोन ताटल्या भाज्या खाल्ल्या, पावाने तेलही पुसून घेतलं, आणि झोपेची गोळी न घेता झोपली.

३

शुक्रवारी सकाळी दोघं खाली निघाली, तेव्हा त्या निळ्या दाराखालून पाणी येत होतं.

थोडं नव्हे. अंगण धुतल्यावर येतं तसं, फेसाळ, उंबऱ्यावरून खाली सरकत पहिल्या पायरीवर, तिथून दुसरीवर. ऑलिव्हच्या साबणाचा वास सुटला होता. अकराही पायऱ्या ओल्या होत्या आणि बाराव्या पायरीपाशी पाणी संपत होतं, दगडाने पिऊन टाकल्यासारखं.

"बघ, कुणीतरी आलंय राहायला," एवान्थिया म्हणाली आणि चपला काढून पाण्यातून उतरत गेली.

लाम्ब्रोस मागे राहिला. हे त्याचं काम होतं. पाणी येतं म्हणजे कुठून तरी येतं. त्याने भिंतीच्या कडेने बघितलं. मीटरची चौकट होती, आत मीटर नव्हता. रस्त्याकडून येणारी नळी भिंतीपाशी कापलेली आणि तिच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली. खुंटीवर कोळ्याचं जुनं जाळं. छपरावर टाकी नव्हती. दाराच्या कडीला ती तार तशीच होती, जागेवर, गंजून एकजीव झालेली.

त्याने दारावर टकटक केली.

आत झाडूचा आवाज येत होता, फरशीवरचं पाणी लोटणाऱ्या खराट्याचा. टकटक झाली तेव्हा तो आवाज थांबला. लाम्ब्रोस वाट बघत उभा राहिला. मग खराटा पुन्हा सुरू झाला, सावकाश, दाराच्या दिशेने.

समुद्रावर प्रोद्रोमोसचं कॉफीचं दुकान होतं. चार टेबलं आणि वर वाळलेल्या फांद्यांचा मांडव. लाम्ब्रोसने सहज विचारावं तसं विचारलं.

"ते घर?" प्रोद्रोमोस कप विसळत म्हणाला. "माझ्या आठवणीपासून बंद आहे. आणि मी काही तरुण नाही, बायकोला विचार."

"आत कुणीतरी फरशी धूत होतं."

"पावसाचं टाकं असेल घराखाली. सगळ्या घरांना आहे."

"टाकं खाली, उंबरा वर. पाणी चढत नाही."

"पिरेयसला चढत नसेल," प्रोद्रोमोस म्हणाला. शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. "अरे बाबा, सुट्टीवर आलायस ना? सुट्टीवर आलेला न्हावी लोकांच्या डोक्यांकडे बघत नाही. पोहून ये."

लाम्ब्रोसही हसला. तो तसा लाजाळूच. चार माणसं हसली की आपलंच चुकलं असं त्याला वाटायचं. तो पोहायला गेला. पाण्यातून त्याने एवान्थियाकडे बघितलं. ती किनाऱ्यावर बसून काहीतरी गुणगुणत होती. दोन वर्षं जिचा आवाज ऐकायला आई दाराला कान लावायची, ती गात होती. पाणी कुठून आलं याला आता किती किंमत द्यायची, असं त्याने स्वतःला विचारलं, आणि डोकं पाण्याखाली घातलं.

४

शनिवारी पहाटे उजाडता उजाडता दोघं डोंगरापलीकडच्या समुद्राकडे चालत निघाली. गाढवांची जुनी दगडी वाट, दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांचे बांध, रानओव्याचा वास. एवान्थिया पुढे होती आणि लाम्ब्रोसला धापा लागत होत्या.

"सिगारेट सोड," ती मागे न बघता म्हणाली.

"तू आधी चालणं कमी कर."

"नळाखाली रांगून रांगून पाय विसरलास तू."

पलीकडच्या बाजूला छोटंसं प्रार्थनाघर आणि खाली गोट्यांचा किनारा. तिथे त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. दोघं पोहली, टोमॅटो आणि चीज खाल्लं, आणि ऊन चढायच्या आत परत फिरली. खिंडीत वारा लागला तिथे बसली. खाली सगळं गाव दिसत होतं, मुठीएवढं, पांढरं.

झाम्बेताचं घर लाम्ब्रोसने ओळखलं. त्याच्या खालचं बंद घरही. त्याच्या गच्चीवर दोरी बांधलेली होती आणि एक बाई कपडे वाळत घालत होती.

इतक्या लांबून चेहरा दिसणं शक्य नव्हतं. एक काळसर रेघ, हलणारी. पण तिची रीत दिसत होती. कपडा उचलायचा, दोनदा झटकायचा, मग खांद्यावर टाकून चिमटा शोधायचा. दुसरा कपडा, पुन्हा दोनदा, पुन्हा खांद्यावर. लाम्ब्रोसने हे आईच्या बाल्कनीत हजार वेळा बघितलं होतं. आईची ती रीत नव्हती. एवान्थियाची होती. चिमट्यांची पिशवी कमरेला बांध म्हणून आई ओरडायची आणि ती ऐकायची नाही.

शेवटचा कपडा निळा होता.

एवान्थिया त्याच्या शेजारीच होती. गावाकडे पाठ करून, मांडीवर काकडी सोलत. सालं वाऱ्याने उडत होती.

"तो वाऱ्याच्या बाजूला टाकायला नको होता," ती म्हणाली. "उडून जाईल."

"काय?"

"काय काय?" तिने मान वर केली. "काकडी हवी का?"

त्याने पुन्हा खाली बघितलं. डोळ्यांत घाम गेला होता. बेटावरच्या सगळ्याच बायका कपडे झटकत असतील. कपडे झटकतातच. त्याने काकडी घेतली आणि गावाकडे पाठ करून खाल्ली.

५

गावात शिरताना त्याने मुद्दाम त्या घराच्या गच्चीखाली थांबून वर बघितलं. दोरी नव्हती. दोरी बांधायला खुंटेही नव्हते, कठड्याचा अर्धा भाग कधीचा ढासळलेला होता.

खोलीत एवान्थियाचा निळा झगा खुर्चीच्या पाठीवर होता. ओलसर. खालच्या कडेला किंचित धूळ, वाऱ्याने खाली पडून कुणी उचलल्यासारखी.

एवान्थिया न्हाणीत गेल्यावर तो झगा घेऊन झाम्बेताकडे गेला.

"मावशी, हा तुम्ही धुतला?"

"मी पाहुण्यांचे कपडे धूत नाही. प्यायच्या पाण्याची बोंब आहे इथे."

"मग कुणी धुतला?"

झाम्बेता वांगं चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि झग्याकडे न बघता त्याच्याकडे बघितलं.

"उद्याच्या बोटीने जाणार ना?"

"हो."

"दोघं?"

"दोघं. आईला शब्द दिलाय."

"मग उद्या तिला पायऱ्यांवरून नेऊ नकोस. गाढवांच्या वाटेने वळसा घालून थेट बंदरात उतर. अर्धा तास जास्त लागेल. सामान मी कुणाकडून तरी पाठवते. आणि तिला एकटीला सोडू नकोस."

"त्या घरात काय आहे?"

"मला काय माहीत? माझ्या पायऱ्या वरच्या," झाम्बेता म्हणाली आणि वांगं चिरायला लागली.

६

त्याच दुपारी लाम्ब्रोसला झोपेने गाठलं. जाग आली तेव्हा शेजारची खाट रिकामी होती.

ती निळ्या दाराला पाठ टेकून उंबऱ्यावर बसली होती. सावली तिथेच तेवढी होती. मांडीवर हात, डोळे मिटलेले. पायऱ्यांचा चुना इतका पांढरा होता की तिचा चेहरा खालून उजळल्यासारखा दिसत होता.

"इथे काय करतेस?"

"ऐकतेय. किती शांत आहे आत." तिने डोळे उघडले नाहीत. "म्हणजे आवाज आहेत. भांडी, पाणी. पण शांत. घरी आई दाराबाहेर श्वास रोखून उभी असते ना, तसं नाही. इथे माझ्यावर कुणी नजर ठेवत नाही."

"उद्या निघायचंय आपल्याला."

"मी राहिले तर? थोडेच दिवस. तू जा. आईला सांग, मी इथे बरी आहे. खोटं नाही ना ते?"

खोटं नव्हतं. चार दिवसांपूर्वी जी जिन्यावरून उतरताना भिंत धरायची, ती आज डोंगर चढून आली होती. असं मोठं काही बोलायची वेळ आली की लाम्ब्रोसला कधीच सुचायचं नाही.

"आईने सांगितलंय, परत घेऊन ये," तो शेवटी म्हणाला. "मी एकटा गेलो तर तिला काय वाटेल? बंदरातला तो धक्का आठवतो ना?"

एवान्थियाने डोळे उघडले. त्याच्या डोळ्यांदेखत तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी खाली उतरलं, दुकानाचं शटर उतरावं तसं. मागच्या खोलीतली एवान्थिया पुन्हा समोर बसली होती.

"बरं," ती म्हणाली. "जाऊ."

तिला हात देऊन उठवताना त्याला दाराच्या आतून, अगदी तिच्या पाठीमागे, लाकडावरून काहीतरी घासत वर गेल्याचा आवाज आला. आतूनही कुणीतरी दाराला पाठ टेकून बसलं असावं आणि तेही उठलं असावं, असा. त्याने बहिणीचा दंड घट्ट धरला आणि वर बघत पायऱ्या चढला.

७

रविवारी अकरा वाजता सामान बांधून झालं. लाम्ब्रोस तोंड धुवायला गेला तो मोजून दोन मिनिटं. बाहेर आला तर खोलीचं दार उघडं, तिची पिशवी खाटेवर, ती नाही. झाम्बेताची खुर्चीही रिकामी. ती देवळात गेली होती.

दोन्ही पिशव्या खांद्याला लावून तो पायऱ्यांनीच धावला. गाढवांच्या वाटेचा विचारही मनात आला नाही.

निळं दार वीतभर उघडं होतं. तार खाली पडलेली नव्हती, तुटलेलीही नव्हती. तार नव्हतीच.

त्याने पिशव्या पायरीवर ठेवल्या आणि दार ढकललं.

चुन्याच्या लखलखाटातून आत आल्यावर त्याला आधी काहीच दिसलं नाही. गारवा लागला. ओल्या फरशीचा वास आला. मग खोली हळूहळू दिसायला लागली. टेबल, त्यावर धुतलेलं पांढरं कापड. भिंतीला लावलेल्या बश्या, एकही फुटलेली नाही. पलीकडे आतल्या खोलीचं दार, पडदा लावलेलं. आणि टेबलाशी, त्याच्याकडे पाठ करून बसलेली एवान्थिया. निळा झगा, केस पिवळ्या फडक्याने बांधलेले. ती ताटात मसूर निवडत होती. खडा सापडला की कडेच्या वाटीत टाकत होती. टक.

"एवान्थी," तो म्हणाला. "बोट यायला लागलीय."

"आले," एवान्थियाचा आवाज आला.

तो आतल्या खोलीतून आला.

पडदा सारून एवान्थिया बाहेर आली, हात पुसत. निळा झगा, पिवळं फडकं. चेहरा ताजा, धुतलेला. "अरे, आत काय शिरलास? चल ना, उशीर होईल," ती म्हणाली आणि हसली.

टेबलापाशी मसूर निवडणं थांबलं होतं. ताटावर एक हात तसाच राहिला होता. लाम्ब्रोसला तेवढा हात दिसला. बोटं आखडलेली, आणि नखांच्या कडांत गुरुवारचा चुना.

त्याने मान तिकडे वळवायला हवी होती. दोन पावलं पुढे जाऊन खुर्चीवरच्या बाईचा चेहरा बघायचा, इतकंच काम होतं. पण हात पुसत आलेली एवान्थिया मध्ये आली, तिने त्याचा दंड धरला, आणि तिचा हात गरम होता, माणसाचा हात असतो तसा. खाली बंदरात बोटीचा भोंगा वाजला. लाम्ब्रोस तिच्याबरोबर बाहेर पडला.

पायऱ्यांवर आल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली. उन्हातून अंधारात गेलं की डोळे फसतात. खुर्चीवर कपडा टाकलेला असेल. मागे दार आपोआप लागलं. त्या बंद दारातून त्याला स्वच्छ ऐकू आलं, टक. मग थोड्या वेळाने पुन्हा, टक.

"काय रे?" एवान्थियाने विचारलं. तिने आपली पिशवी स्वतः उचलली होती. "थांबलास का? जाईल ना बोट."

कालपर्यंत जिला इथून हलायचं नव्हतं, ती आज त्याला घाई करत होती.

८

बोटीच्या वरच्या डेकवर सावलीची दोन बाकं मिळाली. सणासाठी माणसं उतरत होती, खोकी, कलिंगडं, पोरं. चढणारे थोडेच होते. एवान्थियाने तीळ लावलेल्या पावाची दोन गोल कडी घेतली आणि लगेच खायला लागली.

आईचा फोन आला. लाम्ब्रोसने तो बहिणीकडे दिला. ती बराच वेळ बोलली. समुद्र कसा होता, प्रोद्रोमोसची कॉफी कशी पाणीदार, लाम्ब्रोसला डोंगरावर कशी धाप लागली. पलीकडून आई हसल्याचं लाम्ब्रोसला ऐकू आलं. मग फोन त्याच्याकडे परत आला तेव्हा आई रडत होती.

"तू माझी पोर परत आणलीस," आई म्हणाली. "अगदी पहिल्यासारखी. काय केलंस रे?"

"काही नाही, आई," तो म्हणाला.

त्याने फोन खिशात ठेवला न ठेवला तोच पुन्हा वाजला. झाम्बेता.

"लाम्ब्रोस, तू कुठे आहेस, बाळा?"

"बोटीवर, मावशी. तुम्ही देवळात होता, म्हणून सांगता आलं नाही."

"ते असू दे. मी घरी आले आत्ता." म्हातारीचा आवाज नेहमीचाच होता, खणखणीत, फक्त थोडा हळू. "तुझी बहीण खाली पायरीवर बसलीय. तू तिची पिशवी कुठे ठेवलीस, विचारतेय. काय सांगू तिला?"

लाम्ब्रोसने समोर बघितलं. एवान्थिया तोंडातला घास चघळत होती. तिच्या हनुवटीला तीळ चिकटले होते. वारा केस उडवत होता आणि ती ते कानामागे सारत होती. ती त्याच्याकडेच बघत होती. बाकाखाली तिची पिशवी होती.

तो उठून कठड्याशी गेला. वर गाव होतं. वळणं ओळखता येत होती, माणसं नाही. सगळीकडे नुसता पांढरा रंग. ऐंशीच्या पुढचे डोळे, दुपारचं ऊन, चुन्याची तिरीप. दिसायचं एक आणि वाटायचं भलतंच. त्याने हे सगळं मनात नीट रचलं.

"ऐकतोयस ना?" झाम्बेता म्हणाली. "ती उठायचं म्हणतेय, पण तिला उठवत नाहीये. बोटीचं मागचं दार अजून खाली आहे. मला इथून दिसतंय. धावलास तर येशील."

खाली खरंच शेवटची गाडी उतरत होती. खलाशी दोर सोडायच्या तयारीत उभा होता. जिना उतरून दारापर्यंत मिनिटभर. पायऱ्या चढायला दहा मिनिटं. पुढची बोट मंगळवारी.

तो समोरच्या बाकावरची एवान्थिया सोडून उतरला असता, तर मंगळवारी आईच्या दारात तो कुणाला घेऊन गेला असता? हाताने भिंत धरून उतरणारीला. किल्ली पुन्हा ॲप्रनच्या खिशात. आईचं हसणं अजून त्याच्या कानात होतं.

"मावशी," तो म्हणाला, "ती माझ्याबरोबर आहे."

पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारल्याचा आवाज आला, लांबून, बारीक. झाम्बेताने फोनवर हात ठेवला असावा. मग ती पुन्हा बोलली.

"बरं," ती म्हणाली. "मग मी तिला काही सांगत नाही."

साखळ्यांचा खडखडाट झाला. मागचं दार वर यायला लागलं. लाम्ब्रोस ते पूर्ण लागेपर्यंत कठड्याशी उभा राहिला आणि मग येऊन बाकावर बसला. एवान्थियाने कडं मोडून अर्धं त्याच्यापुढे धरलं.

"कुणाचा फोन?"

"झाम्बेता मावशीचा."

"काय म्हणत होती?"

"काही राहिलं का, विचारत होती."

"मग? राहिलं का काही?"

त्याने कडं घेतलं. ते अजून कोमट होतं.

"नाही," तो म्हणाला.